बोललो, पण मान्य नाही

आढावसाहेब गेल्याची बातमी मला आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सकाळी मेथी निवडत बसले होते. फोन वाजला, चष्मा लावून पाहिलं, तर कुणीतरी इंग्रजीत चार ओळी टाकल्या होत्या... आणि त्यांच्याखाली बघता बघता जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. पहिले हात कुणाचे असावेत? आमच्या मोठ्या साहेबांचे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही; दिल्लीच्या मंत्रालयातल्या जुन्या लोकांना ते सांगायला लागणार नाही आणि बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही. तर या साहेबांनी हात जोडून पुढे लिहिलं होतं, की देशाने एक दूरदृष्टीचा अधिकारी गमावला, गरज नसताना बंदरं वाढवत नेऊ नका हे आढाव तेव्हापासून सांगत होते. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. अहो, सांगत होते ते तुम्हालाच. तुमच्याच टेबलासमोर उभं राहून सांगत होते, आणि तुम्ही त्यांना बसा असंही म्हणत नव्हतात. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. शेवटी मीही दोन हात जोडले आणि फोन पालथा घातला. त्याला आता सहा आठवडे झाले. ते पुसलेलं उत्तर काही स्वस्थ बसू देत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

शांतवन आढाव मूळचे नगरचे. ख्रिस्ती घर, वडील मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. स्वतः संख्याशास्त्र शिकले, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात काही वर्षं काढली आणि तिथून दिल्लीला आले ते मंत्रालयात, बंदरांच्या नियोजनाच्या विभागात. मी त्याच विभागात आधी असिस्टंट आणि नंतर सेक्शन ऑफिसर होते. म्हणजे त्यांच्या फायली सांभाळणं, पानांवर नंबर घालणं, त्या वर पाठवणं आणि खाली आल्या की कपाटात लावणं, हे माझं काम. दिल्लीच्या सरकारी कचेरीत मराठी माणसाला मराठी माणूस भेटला, की आधी गाव विचारतात आणि मग आडनावावरून बाकीचं ताडून बघतात. आढावांनी मला विचारलं ते एवढंच, "नलिनीबाई, डब्यात काय आहे?" थालीपीठ आहे म्हटल्यावर म्हणाले, "मग उद्यापासून आपण एकाच टेबलावर जेवत जाऊ. रोज राजमा बघून माझा जीव मेटाकुटीला आलाय." त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही एकाच टेबलावर जेवलो. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे घडलं ते परक्या माणसाच्या बाबतीत घडलेलं नाही.

कामाची त्यांची पद्धत जगावेगळी होती. बाकीचे अधिकारी बंदरांकडून आलेले तक्ते एकापुढे एक मांडायचे, बेरीज मारायचे आणि टिपण तयार करायचे. आढाव शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, बस पकडून फरीदाबादच्या बाजूच्या एका कंटेनर डेपोवर जाऊन बसायचे. दिल्लीला समुद्र नाही, पण बंदराचं अर्धं काम इथेच होतं. आसपासच्या कारखान्यांचा माल इथे लोखंडी डब्यांत भरतात, त्यांना कस्टमचं सील लागतं आणि ते डबे मालगाडीने किनाऱ्याकडे जातात. फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसून आढाव ट्रकवाल्यांना विचारायचे, फाटकाशी कधी आलास, आत कधी गेलास, सुटलास कधी. सगळं एका वहीत उतरवायचे. एकदा मलाही घेऊन गेले. "चला, बंदर दाखवतो," म्हणाले. ऊन असं, की डोकं फिरावं. अलवरकडचा एक ड्रायव्हर ट्रकखाली सतरंजी टाकून आडवा झाला होता. आढावांनी विचारलं, "कब से खड़े हो, भाई?" तो डोळे न उघडताच म्हणाला, "साहब, जिस जहाज़ का माल है, वो तो परसों निकल गया. हम यहीं हैं." तिथेच नटबोल्ट बनवणारे एक वयस्कर कारखानदार कागदांची चळत छातीशी धरून खिडकी-खिडकीने फिरत होते. ते आढावांना ओळखत होते. म्हणाले, "आढाव जी, माल हमने टाइम पे बनाया. पहुँचा नहीं. उधर वाले कहते हैं, अगली बार कहीं और से ले लेंगे." वर्षभराने आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा ते दिसले नाहीत. चौकशी केली, तर कारखान्याला कुलूप लागलं होतं. आढावांनी त्याचीही वहीत नोंद केली.

त्यांचं म्हणणं साधं होतं, कुणालाही कळावं असं. उदारीकरणानंतर कंटेनरची वाहतूक वाढली आणि दोन्ही किनाऱ्यांवर प्रत्येक राज्याला आपलं स्वतःचं कंटेनर टर्मिनल हवंसं झालं. प्रत्येकाच्या अहवालात तेच तेच कंटेनर. फरीदाबादचा एक डबा तीन बंदरांनी आपापल्या अंदाजात धरलेला, कारण तो तिन्हींपैकी कुठेही जाऊ शकतो. मग तीन धक्के बांधायचे, तीन ठिकाणी क्रेन उभ्या करायच्या, आणि डबा जाणार एकाच ठिकाणी. उलट ज्या बंदरात खरी गर्दी, तिथे जहाज काही तासांत रिकामं व्हायचं आणि डबा फाटकाबाहेर पडायला कित्येक दिवस लागायचे, कारण रूळ अपुरे, फाटक अरुंद आणि एकेका कागदावर सहा-सहा जणांच्या सह्या. मोठी जहाजं तर आपल्याकडे यायचीच नाहीत. आपला माल लहान जहाजांनी परदेशातल्या बंदरात न्यायचा आणि तिथे मोठ्या जहाजावर चढवायचा. एवढं सगळं असून वार्षिक अहवालात चित्र छान, कारण रिकामं बंदर आणि तुंबलेलं बंदर मिळून सरासरी काढलेली. आढाव म्हणायचे, "एका मुलाच्या ताटात चार पोळ्या, दुसऱ्याच्या ताटात काही नाही. सरासरीने दोघं जेवली म्हणायचं. त्यांच्या आईला विचारा, जेवली का." हे ते मोठ्या साहेबांनाही ऐकवायचे. साहेबांना त्यात काही गंमत वाटायची नाही.

अशात एका नव्या टर्मिनलची फाइल आली. ज्या किनाऱ्यावर आधीची दोन टर्मिनलं अर्धी रिकामी, तिथेच हे तिसरं. वरून इच्छा होती. कुणाची, ते विचारायचं नसतं. आढावांनी चार पानी नोट लिहिली. तिथे नवं काहीही बांधू नये, आहे त्या बंदरांची फाटकं, रूळ आणि कागद आधी सुधारावेत, तेवढ्यानेच हवी तेवढी क्षमता मोकळी होईल. फाइल वर गेली आणि दुसऱ्याच दिवशी खाली आली. समासात मोठ्या साहेबांचे दोन शब्द, प्लीज स्पीक. ज्यांनी सचिवालय पाहिलेलं नाही, त्यांना हे समजावून सांगायला हवं. प्लीज स्पीक म्हणजे वर या, मी तोंडी काय सांगतो ते ऐका आणि खाली जाऊन आपली नोट बदला. साहेबांचं म्हणणं कागदावर येत नाही. उद्या काही झालंच तर ते मत तुमचं. सगळ्या दिल्लीला हे ठाऊक आहे आणि सगळी दिल्ली हे निमूट करते. आढाव वर गेले. वीस मिनिटांनी खाली आले, खुर्चीत बसले, पेनाचं टोपण काढलं आणि आपल्याच नोटेखाली लिहिलं, "आदेशानुसार बोललो. सरासरी वापर पाहता नवं टर्मिनल आवश्यक असल्याचं मला सांगण्यात आलं. हा आधार मला मान्य नाही. कारणं वर दिली आहेत." खाली सही, तारीख. मी म्हटलं, "साहेब, हे काय केलंत? बोललेलं कुणी लिहून ठेवतं का?" ते म्हणाले, "त्यांनी बोला म्हणून लिहिलं, मी बोललो. काय बोललो ते नको लिहायला?" त्यांना खरंच कळत नव्हतं, की ते वेड पांघरत होते... मला आजतागायत उमगलेलं नाही. फाइल पुन्हा वर गेली, पुन्हा प्लीज स्पीक होऊन आली, आढाव पुन्हा जाऊन आले आणि पुन्हा तसंच लिहिलं, या वेळी साहेबांचं वाक्य अवतरणचिन्हांत घालून. सेक्शनमधल्या पांडेने कपाळाला हात लावला. "यार, ये आदमी मरेगा," म्हणाला.

त्यानंतर आढाव धाकट्या मुलीच्या लग्नासाठी पंधरा दिवसांच्या रजेवर नगरला गेले आणि ते परत येईपर्यंत इथे सगळं उरकलं होतं. मूळ फाइल सापडत नसली, की काम अडू नये म्हणून सरकारात पार्ट फाइल उघडतात. कोऱ्या पानापासून सुरुवात. तशी ती उघडली गेली. पहिल्या पानावर एक ओळ, मूळ फाइल तूर्त उपलब्ध नाही. पुढे नवी नोट, तिच्यात तीच लाडकी सरासरी, आणि त्याखाली सह्याच सह्या. आढावांची चार पानं आणि ते दोनदा लिहिलेलं 'मान्य नाही' त्या न सापडणाऱ्या फाइलीत राहिलं. ती पार्ट फाइल कुणी उघडली ते सांगणार आहे, पण आधी पुढचं ऐका.

टर्मिनल बांधलं. उद्घाटनाला झेंडूच्या माळा घातलेल्या क्रेनचे फोटो पेपरात आले. काही वर्षं गेली आणि त्याच क्रेनवर कावळे बसायला लागले. आधीच्या दोघांनाच माल पुरत नव्हता, तिसऱ्याकडे कोण येणार होतं? इकडे गर्दीच्या बंदरात ट्रकच्या रांगा होत्या तशाच. मग कुणीतरी वर प्रश्न विचारला, चौकशी बसली, आणि चौकशीला खापर फोडायला एक डोकं हवं होतं. मोठे साहेब तोवर बढती घेऊन दुसऱ्या मंत्रालयात पोचले होते. नियोजनातला जुना अधिकारी एकच उरला होता. आढावांना मेमो आला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे. मागणीचा अंदाज अवाजवी असल्याचं आपण वेळीच निदर्शनास का आणलं नाही, याचा खुलासा करावा. वाचलंत ना? साऱ्या मंत्रालयात ज्या एका माणसाने ते लिहून दिलं, दोनदा वर जाऊन तोंडावर सांगितलं, त्यालाच विचारत होते की तू सांगितलं का नाहीस. त्यांनी खुलासा दिला, मूळ फाइलीचा आणि पानांचा नंबर देऊन. उत्तर आलं, सदर फाइल सापडत नाही. त्यांनी दुसरा खुलासा दिला, पुन्हा तेच उत्तर. मग त्यांना ग्रंथालयाशेजारच्या खोलीत हलवलं, वार्षिक अहवालाची प्रुफं तपासायला. ज्या सरासरीवर त्यांचा एवढा राग, तिचे स्वल्पविराम बघत बसायचे. बढती थांबली ती थांबलीच. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा त्यांचा खुलासा विचाराधीन होता. निरोपाला समोसे होते, हार होता, आणि एक अधिकारी भाषणात म्हणाले, "आढाव जी बिल्कुल सीधे आदमी हैं." सीधा आदमी हे दिल्लीत कुणाला आणि कशा आवाजात म्हणतात, ते इथे राहिलेल्यांना सांगायला नको.

निवृत्तीनंतर ते रूथवहिनींना घेऊन दिल्लीतच, द्वारकेला राहायला गेले, सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. दर नाताळला करंज्या-चकल्यांचा डबा घेऊन मेट्रोने स्वतः माझ्याकडे यायचे. चहा घ्यायचे, माझ्या मुलाची चौकशी करायचे, पेपरात नव्या बंदराची बातमी असली तर "वाचलंत का?" एवढंच विचारायचे. त्या फाइलीबद्दल त्यांनी माझ्याशी कधी अवाक्षर काढलं नाही, मीही काढलं नाही. ते गेले की मी करंज्या शेजारी वाटून टाकायचे.

प्रार्थनासभा त्यांच्या सोसायटीच्याच हॉलमध्ये होती. मोठे साहेब आले होते आणि बोलायलाही उभे राहिले. आधी गुण गाऊन झाले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "उस ज़माने में उन्होंने हमें सावधान किया होगा... ज़रूर किया होगा. लेकिन क्या करें, रिकॉर्ड पर तो कुछ था नहीं." ग्रुपवर एक, इथे एक. पुढच्या रांगेत रूथवहिनी मान खाली घालून बसल्या होत्या, दोन्ही बाजूंना मुली. धाकटीने मान वर करून साहेबांकडे पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की आपल्या वडिलांनी तेव्हा खरंच सांगितलं होतं की नव्हतं, हे या मुलीला ठाऊक नाही. जिच्या लग्नाला ते गेले होते, तीच ही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि मी मूग गिळून बसले, नंतर रांगेत उभी राहिले, वहिनींचा हात हातात घेतला आणि घरी आले.

तर आता सांगते. पार्ट फाइल मी उघडली. मूळ फाइल उपलब्ध नाही ही ओळ माझ्या हस्ताक्षरात आहे, आणि ती लिहिली तेव्हा मूळ फाइल माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात दुसऱ्या फळीवर होती. किल्ली माझ्या पर्समध्ये. मोठ्या साहेबांनी मला वर बोलावलं होतं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. म्हणाले, "नलिनी जी, एक पोस्ट दिल्ली से बाहर भेजनी है, लिस्ट में आपका भी नाम है. बेटे की बारहवीं है ना इस साल?" मग फाइलीबद्दल बोलले. खाली आले आणि मी लिहून टाकलं, पाच मिनिटंही लागली नाहीत. पुढे चौकशीत मला विचारलं, तेव्हाही सापडत नाही म्हणाले, कारण आता सापडली असती तर पहिलं खोटं उघडं पडलं असतं. मुलगा तोवर इंजिनिअर होऊन नोकरीला लागला होता, म्हणजे तेवढीही सबब उरलेली नव्हती. नंतर ऑफिस दुसऱ्या मजल्यावर हललं, तेव्हा नष्ट करायच्या जुन्या फायलींच्या यादीत मी तिचाही नंबर घातला. आता ती कुठेच नाही. मोठ्या साहेबांवर मी एवढी आगपाखड करते आहे खरी, पण त्यांनी आपला एक शब्दही कागदावर ठेवला नाही. कागदावर आहे ती मी.

गेल्या रविवारी द्वारकेला गेले. रूथवहिनींनी आढावांच्या खोलीत बसवलं. खिडकीखाली त्यांचं टेबल आहे, समोर वेताची खुर्ची आणि तिच्यावर पाठीला टेकायची उशी अजून तशीच. सगळं सांगायचं म्हणूनच गेले होते, ते एका दमात सांगितलं. रडले-बिडले नाही, रडायचा हक्क मला नाही. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं, नलिनीताई."

"कधीपासून?" मी विचारलं.

"आम्ही लग्नाहून आलो त्याच आठवड्यात. तुम्ही कपाट उघडं टाकून पलीकडे फोन घ्यायला गेला होतात. त्यांना आपली फाइल दिसली."

"मग उचलायची ना."

"मीही तेच म्हटलं. म्हणाले, दुसऱ्याच्या कपाटातून फाइल काढायची नसते." वहिनींनी टेबलाचा खण ओढला आणि एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्या दुसऱ्या खुलाशाचा कच्चा मसुदा, त्यांच्या बारीक अक्षरात. शेवटच्या परिच्छेदात एक ओळ होती, सदर फाइल सेक्शन ऑफिसर श्रीमती नलिनी पाटणकर यांच्या ताब्यात आहे. तिच्यावर काट मारलेली. "मी खूप भांडले तेव्हा त्यांच्याशी," वहिनी म्हणाल्या. "नाव राहू द्या, म्हटलं. तर म्हणाले, ती स्वतः सांगेल, आपण थांबू... मग थांबलो आम्ही."

मला त्या वेळी आढावसाहेबांचा भयंकर संताप आला. एकदा विचारायला काय झालं होतं? टेबलावर मूठ आपटून, चारचौघांत, माझी अब्रू घालवून विचारायचं होतं. साहेबाच्या तोंडावर 'मान्य नाही' म्हणणारा माणूस माझ्यापुढे गप्प का बसला? पण विचारलं असतं, तर मी काय उत्तर दिलं असतं तेही मला माहीत आहे, आणि बहुतेक त्यांनाही माहीत होतं.

मी वहिनींकडे पेन मागितलं. वेताच्या खुर्चीत बसून, काट मारलेल्या ओळीखाली तीच ओळ पुन्हा लिहिली, नावासकट, आणि सही केली. पाठवायला पत्ता उरलेला नाही; मंत्रालयात ते प्रकरण केव्हाच बंद झालं. म्हणून इथे छापायला देते आहे. शांतवन आढाव यांनी वेळीच सांगितलं होतं, लेखी सांगितलं होतं, आणि ती फाइल माझ्याकडे होती. वहिनी म्हणाल्या, याचा एक फोटो धाकटीला पाठवा. तिथेच बसून पाठवला. तिने तो वाचला आहे, तसं फोनवर दिसतं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.